नुक्ता आणि 61 मेगापिक्सेल

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला ठिपक्याचे महत्त्व दुसऱ्याने सांगावे लागत नाही. पाचवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात आम्ही फळ्यावर 'दुआ' लिहितो आणि ऐनच्या डोक्यावर एक नुक्ता ठेवून त्याचा 'दगा' करून दाखवतो. मग 'खुदा' लिहितो आणि वरचा नुक्ता पुसून पोटात ठेवतो. लगेच 'जुदा' होतो. मुले हसतात, पण पुढे वर्षभर नुक्ते जपून ठेवतात. तेव्हा कॅमेऱ्यात किती लाख ठिपके असावेत, हा प्रश्न आमच्याकडे आला तेव्हा तो आम्हाला अगदीच परका वाटला नाही. (आम्ही म्हणजे आम्ही एकट्याच. उर्दूतली 'हम' म्हणायची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

आमचे नाना, म्हणजे अम्मींचे वडील, कातिब होते. मुंबईच्या उर्दू दैनिकांत त्यांनी तीसेक वर्षे किताबत केली. रोज कल्याणहून लोकलने जायचे, संध्याकाळी बातम्या लिहायला बसायचे आणि शेवटच्या गाडीने परत. मराठी वृत्तपत्रांत खिळे जुळवले जात होते, त्या काळात उर्दूचे पानच्या पान माणूस हाताने लिहीत होता, ही गोष्ट आज मराठी वाचकांना सांगितली तर खरी वाटत नाही. कारण नस्तालीक लिपी खिळ्यांत बसत नाही. अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे येताना खालीही उतरत जातो. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली, 1994 मध्ये इनपेज आले, आणि काही वर्षांतच कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. चेन्नईच्या 'द मुसलमान' या 1927 पासूनच्या दैनिकाने हाताने लिहिण्याची रीत पुढेही अनेक वर्षे चालवली म्हणून त्याचे कौतुक झाले. बाकीच्या कातिबांनी लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहिल्या. नानांनीही तेच केले.

त्यांच्या मागे एक लोखंडी ट्रंक राहिली. बटर पेपरवर लिहिलेली वर्तमानपत्राची पाने, पत्रिकांचे नमुने, मोहल्ल्यातल्या संस्थांसाठी लिहिलेले मोठे तक्ते. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याणच्या खाडीकडच्या आमच्या आजोळात पाणी शिरले आणि ट्रंकेचा तळ भिजला. खालचा गठ्ठा चिकटून लगदा झाला. वरचे तीनशेच्या आसपास कागद वाचले, पण बटर पेपर आता तपकिरी पडला आहे. घडीवर हात लावला की पापडासारखा मोडतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर ट्रंक उघडावी तर तळाशी नवा चुरा.

हे कागद वाचवायचे तर त्यांचे फोटो काढणे हाच आमच्या आवाक्यातला उपाय. उर्दू पुस्तकांसाठी रेख्ताने 2013 पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे, ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दस्तऐवजांचा कार्यक्रम 2004 पासून जगभर चालतो. पण कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेसाठी कोणी मुंब्र्याला येणार नाही. ते घरच्यांनीच करायचे.

आमचा एक माजी विद्यार्थी कल्याणात लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे 2018 चा सोनी अल्फा 7 थ्री आहे, 24 मेगापिक्सेलचा. तो बदलून 7 आर फाइव्ह घ्यावा का, या विचारात तो दीड वर्ष होता. हा कॅमेरा 2022 च्या अखेरीस आला, 61 मेगापिक्सेलचा. नुसत्या बॉडीची किंमत तीन लाखांच्या पुढे, लेन्स वेगळी. तो म्हणाला, "मिस, नानांच्या कागदांसाठी याच्याहून चांगला मिळणार नाही. तुम्ही अर्धे घाला, मी अर्धे घालतो."

योगायोगाने त्याच महिन्यात आमची भिशी लागली होती. पंधरा जणी, महिना वीस हजार. तीन लाख हातात होते, पण ते अम्मींच्या उमऱ्यासाठी होते आणि हे भिशीतल्या चौदाही जणींना ठाऊक होते. तेव्हा कॅमेऱ्याचे गुणदोष आम्ही ज्या चिकाटीने तपासले, त्या चिकाटीने बी.एड.च्या पाठांची टाचणेही काढली नव्हती.

आधी हिशेब. या कॅमेऱ्याचा फोटो लांबीला 9504 आणि रुंदीला 6336 ठिपक्यांचा असतो. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा 6000 आणि 4000. नानांचे वर्तमानपत्राचे पान साधारण 22 इंच लांब. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात इंचाला 273 ठिपके पडतात, नव्यात 432. दस्तऐवजांचे फोटो काढणाऱ्या संस्था साधारण 300 ते 400 धरतात. म्हणजे मोठ्या पानाला जुना थोडा कमी पडतो, नवा पुरून उरतो. पण ए-फोर आकाराच्या कागदाला जुन्यातही इंचाला पाचशेच्या आसपास ठिपके मिळतात. ट्रंकेतले दोन तृतीयांश कागद एवढेच किंवा याहून लहान. त्यांच्यासाठी तीन लाखांचा कॅमेरा म्हणजे लिंबू कापायला तलवार.

कोणी म्हणेल, फोनवर हल्ली 200 मेगापिक्सेल लिहिलेले असते, मग हा खटाटोप कशाला? फोनचा सेन्सर नखाएवढा. त्यावर एवढे बारीक ठिपके बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड जवळजवळ येतच नाही, म्हणून फोन चार-चार, सोळा-सोळा ठिपके एकत्र करून शेवटी बहुधा बारा-पंधरा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. वर स्वतःच्या अकलेने कडा ठळक करतो. आम्ही एका पानावर करून पाहिले. फोनने एका ठिकाणी कागदाच्या डागाला ठसठशीत नुक्ता बनवले होते. असा सहायक नानांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.

आरसा नसलेला कॅमेरा म्हणजे काय, हेही या निमित्ताने नीट समजले. जुन्या कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असायचा. फोटो काढताना तो खटकन वर जायचा आणि कॅमेऱ्याला बारीक हिसका बसायचा. 2008 मध्ये पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला कॅमेरा आणला, 2013 मध्ये सोनीने तोच प्रकार मोठ्या सेन्सरमध्ये, 36 मेगापिक्सेलच्या 7 आरमध्ये केला. आता सेन्सरवर जे पडते तेच पडद्यावर दिसते. नुक्ता दहापट मोठा करून फोकस लावता येतो, उजेड जास्त झाला तर फोटो काढण्याआधीच कळते. दस्तऐवजासाठी ही खरी सोय. या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत मात्र दुसऱ्याच गोष्टी पुढे असतात: माणूस, पक्षी, किडा, गाडी, विमान ओळखून फोकस धरून ठेवणारे वेगळे एआय युनिट, आठ स्टॉपपर्यंत हात स्थिर ठेवणारी यंत्रणा, 8के व्हिडिओ. आमचे कागद उडून जात नाहीत, त्यामुळे यातले काहीच आमच्या उपयोगाचे नाही. विद्यार्थ्याला मात्र ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी पक्षी ओळखणारे फोकस हवे होते. 2015 मध्ये ते अभयारण्य झाले, 2022 मध्ये रामसर यादीत गेले, तेव्हापासून डोंबिवलीचे निम्मे फोटोग्राफर रविवारी ऐरोलीला असतात असे तो म्हणतो. लांबचा पक्षी कापून मोठा करायला 61 मेगापिक्सेल कामी येतात, हे खरे.

पण त्याचे पोट लग्नांवर आहे, पक्ष्यांवर नाही. आणि लग्नाच्या बाबतीत आमचे मत त्याच्यापेक्षा वेगळे पडले. बारा बाय छत्तीसच्या करिझ्मा अल्बमात एका पानावर पाच-सहा फोटो बसतात. त्यांना 24 मेगापिक्सेल पोटभर होतात. नव्याची कच्ची फाइल, दाबून लहान केली नाही तर, 120 मेगाबाइटच्या आसपास. एका लग्नात दोन हजार फोटो काढले तर 240 जीबी! शिवाय आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर या सेन्सरवर सावकाश वाचते, त्यामुळे हॉलच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात आणि हलता हात वाकडा दिसतो.

यापेक्षाही एक गोष्ट आम्हाला बोचली. मागच्या डिसेंबरात भिवंडीच्या एका लग्नात बायकांच्या बाजूला त्याची बहीण फोटो काढत होती. आमच्याकडच्या लग्नांत आता हीच रीत झाली आहे आणि त्यामुळे कितीतरी मुलींना रोजगार मिळाला. त्या दिवशी कॅमेरा भाड्याने आणलेला हाच 61 मेगापिक्सेलचा होता. नवरीचा फोटो. मागे चौथ्या रांगेत बायका जेवताहेत, कोणी नकाब वर केलेला, कोणी मुलाला पाजते आहे. साध्या कॅमेऱ्यात त्या रंगाच्या ठिपक्यांसारख्या दिसल्या असत्या. इथे फोटो मोठा करत गेलो तर एकीच्या कानातल्या बाळीचे नक्षीकाम दिसले. त्या बाईने फोटोला हो म्हटले नव्हते, तिला विचारलेही नव्हते. ती फक्त जेवत होती. पूर्वी अंतर हाच पडदा होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बाई फोटोत असूनही फोटोत नसायची. आम्ही त्याच्या बहिणीला सांगितले की, नवरीकडच्यांना देण्याआधी बायकांच्या बाजूच्या फाइली लहान करून दे, मूळ फाइल पुसून टाक. तिने तसे केले. नंतर तिने हा नियमच केला, आणि गंमत म्हणजे त्यामुळे तिला कामे जास्त मिळू लागली.

तर लग्नासाठी नको, लहान कागदांसाठी नको. उरली मोठी पाने आणि तक्ते, साठ-सत्तर. त्यांच्यासाठी मे 2024 च्या सुटीत कॅमेरा तीन दिवस भाड्याने आणला. दिवसाचे अडीच हजार, मॅक्रो लेन्सचे वेगळे. मुहूर्तही असा की 20 तारखेला लोकसभेचे मतदान आणि आमची निवडणुकीची ड्युटी. तिच्या आधीचे तीन दिवस मिळाले.

आमचे घर मुंब्रा स्टेशनच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. लोकल गेली की कपाटातल्या बश्या बोलतात. इतक्या वर्षांत आम्हाला ते ऐकू येणेही बंद झाले होते. पण 61 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ते ऐकू येते! शटरचा वेग सेकंदाचा पंधरावा भाग, आणि त्यात इमारत केसभर हलली तरी नुक्त्याला सावली पडते. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. प्रवाशांची सोय झाली, आमच्या वाट्याची शांतता आणखी कमी झाली. या कॅमेऱ्यात सेन्सर कणभर सरकवत सोळा फोटो घेऊन त्यांचा एक 240 मेगापिक्सेलचा फोटो करण्याची सोय आहे. रुळांशेजारी राहणाऱ्याने तिचा विचारही करू नये. आम्ही पंखा बंद केला (कागद उडतो), खिडक्यांना चादरी लावल्या, दोन बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे ठेवले, आणि दोन गाड्यांच्या मधल्या मिनिटांत फोटो काढले. अम्मी खिडकीशी बसून सांगायच्या, "गई. अब निकाल." घामाने कपडे भिजले. ड्युटीच्या आदल्या रात्री बारा ते चार या वेळात निम्मे काम झाले, कारण शेवटच्या लोकलनंतरच घर खरे थांबते.

फाइली टीव्हीच्या पडद्यावर लावल्या. अम्मींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही. पण भिंतभर मोठे झालेले वडिलांचे अक्षर त्या सलग वाचत गेल्या. जिथे बरूत शाई नुकती भरली होती तिथला काळा आणि जिथे ती संपत आली तिथला फिका, हे वेगळे दिसत होते. नस्तालीकमध्ये अक्षराचे मापच नुक्त्याने घेतात. ज्या बरूने लिहायचे त्याचाच नुक्ता हे एकक. अलिफ तीन नुक्त्यांचा उंच, बाकीची अक्षरे त्या हिशेबात. एका मथळ्याच्या कडेला नानांनी पेन्सिलीने मापाचे फिके नुक्ते मांडलेले सापडले. कागदावर ते नुसत्या डोळ्यांना आता दिसत नाहीत.

आणि तो तक्ता. कल्याणातल्या एका शाळेच्या इमारतीसाठी साठच्या दशकात चंदा जमवला होता, त्याची यादी. जाड कागद, मोठ्या अक्षरात साठ-पासष्ट नावे. पुरुषांची नावे, पुढे रक्कम. बायकांनी बांगड्या दिल्या होत्या. त्यांच्यापुढे तोळे-मासे लिहिलेले, पण नावे त्यांची नाहीत, 'अहलिया' म्हणून नवऱ्याचे नाव. त्या काळची रीत. विद्यार्थ्याने सहज म्हणून एक दिवा बंद केला आणि दुसरा कागदाच्या अगदी पातळीला आणून आडव्या उजेडात एक फोटो काढला. मोठा करून वर-खाली फिरवताना एका ओळीवर कागदाचे तंतू उठलेले दिसले. तिथे ब्लेडने खरडले होते. कातिब चूक तशीच दुरुस्त करतात, त्यात नवल नाही. पण खरवडलेल्या जागी, वरच्या 'अहलिया'खाली, जुन्या शाईचे कण रेषेत उरले होते. ते जोडत गेलो तर एक नाव तयार झाले. बाईचे नाव, तिचे स्वतःचे.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नुक्ता देख. ये तो मेरी माँ का नाम है."

नानांनी आधी नानीचे नाव लिहिले होते. मग कोणीतरी सांगितले असेल की सगळ्यांच्या बायका 'अहलिया' आहेत, मग तुझ्याच घरची नावाने कशी? किंवा लिहून झाल्यावर त्यांनाच संकोच वाटला असेल. अम्मींच्या मते ते पहिले. आमच्या मते दुसरेही असू शकते. विचारायला आता कोणी उरलेले नाही. नानीच्या हातातल्या बांगड्या शाळेला गेल्या, हे घरात सर्वांना माहीत होते. पण ते तिच्या नावाने एकदा लिहिले गेले होते, हे साठ वर्षांत कोणालाही माहीत नव्हते.

आता यात कॅमेऱ्याचा वाटा किती? आम्ही तेच पान दुसऱ्या आठवड्यात 24 मेगापिक्सेलवर, त्याच आडव्या उजेडात पुन्हा काढले. खरड दिसते, अक्षर दिसत नाही. मग लेन्स जवळ नेऊन तेवढ्याच ओळीचा फोटो काढला. तर अक्षर दिसले! म्हणजे खरे काम दिव्याने केले आणि जवळ गेल्यावर जुना कॅमेराही पुरला. विद्यार्थ्याने पडलेला चेहरा केला, तीन लाख वाचले तरी. पण आम्हाला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. जवळ जायचे तर कुठे जायचे हे आधी माहीत असावे लागते. साठ नावांच्या तक्त्यावर त्या ओळीपाशी थांबण्याचे आम्हाला काहीच कारण नव्हते. पान अख्खे पाहताना जे शोधत नव्हतो ते सापडले, हा जास्त ठिपक्यांचा गुण. भिवंडीच्या लग्नात हाच दोष म्हणून आमच्यासमोर आला होता. तिथेही कोणी त्या बाईला शोधत नव्हते.

शेवटी कॅमेरा घेतला नाही. मॅक्रो लेन्स तेवढी घेतली, वापरलेली, मुंबईच्या बोरा बाजारातून. लेन्स कॅमेऱ्यासारखी चार वर्षांत जुनी होत नाही. लहान कागद त्याच्या 24 वर काढून झाले. मोठ्यांपैकी बावीस पाने दिवाळीच्या सुटीत भाड्याच्या कॅमेऱ्याने काढली, या वेळी मुंब्र्यात नाही, डोंबिवलीला त्याच्या मावशीकडे तळमजल्यावर, रुळांपासून दूर. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक आमच्याकडे, एक कल्याणला, माळ्यावर. तळाशी ठेवायचे नाही हे 2005 ने शिकवले. विद्यार्थ्याने लग्नांसाठी 33 मेगापिक्सेलचा 7 फोर घेतला आणि तो खूश आहे. अम्मी फेब्रुवारीत उमरा करून आल्या.

त्या शाळेच्या विश्वस्तांना यादीचा फोटो हवा होता, मोठा करून सभागृहात लावायला. आम्ही दोन्ही दाखवले, समोरच्या उजेडातला आणि आडव्या उजेडातला. त्यातल्या वयस्कर गृहस्थांना पहिला बरा वाटला, स्वच्छ दिसतो म्हणून. तरुण मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोन्ही लावू. त्यावर तीन बैठका झाल्या, चौथी व्हायची आहे. तोवर अम्मींनी सांगितले की नाव कोणाला वाचून दाखवायचे नाही. ज्याला दिसेल त्याने वाचावे. म्हणून ते इथेही लिहिलेले नाही. फाइल 120 मेगाबाइटची, ईमेलने जाईना. आम्ही ती पेन ड्राइव्हवर घालून मुंब्र्याहून कल्याणला, नानांच्या गाडीने, स्वतः नेऊन दिली.